तीन नंबरची कॉइल

पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाटाची खरी चढण लागली आणि गाडीनं पहिला ठोका दिला. पुढच्या वळणावर दुसरा. तिसरा गिअर, एसी चालू, मागं आईच्या तीन पिशव्या आणि सगळ्या गाडीभर फणसाचा वास, बाहेर आषाढातला पाऊस. ॲक्सिलरेटर दाबावा तर गाडी पुढं जायच्याऐवजी अंग आखडून घ्यायची. पाय सैल केला की पुन्हा शहाण्यासारखी.

"उचक्या देतेय का गं ही?" शेजारून आई म्हणाली. "कुणीतरी आठवण काढत असेल."

मला हसू आलं नाही, कारण समोर इंजिनाचं पिवळं चित्र लागलं होतं आणि ते नुसतं लागलं नव्हतं, उघडझाप करत होतं. सीएनजीवरून पेट्रोलवर घेतली. ठोके कमी झाले, पण थांबले नाहीत. दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या ट्रकवाल्याचे हॉर्न ऐकत, कशीबशी वर आले. हेळवाकला चहाला थांबलो. वीस-पंचवीस मिनिटांनी निघालो ते थेट कराडपर्यंत एकही ठोका नाही. पाटण गेलं, मल्हारपेठ गेलं, गाडी लोण्यासारखी. मी मनात म्हटलं, पावसाचं पाणी कुठंतरी गेलं असेल, वाळलं.

इथं मी पहिली चूक केली. चहाच्या वेळात दोन गोष्टी बदलल्या होत्या: इंजिन निवलं होतं आणि चढ संपला होता. दोन्ही एकदम बदलल्यावर कुठल्या बदलानं फरक पडला ते कळत नाही, हे मी बारावीच्या मुलांना प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी सांगते. मी भौतिकशास्त्र शिकवते. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा एकोणीस वर्षं शिकवतेय. आधीच सांगून टाकलेलं बरं, पुढचं वाचून माझ्या विद्यार्थ्यांना तेवढंच समाधान.

गाडी २०१५ सालची, चार सिलिंडरची १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, नंतर सीएनजी किट बसवलेलं, ८६,००० किलोमीटर झालेले. पुढच्या तीन आठवड्यांत तिनं तीन गॅरेजं पाहिली. पहिल्यानं सांगितलं, "मॅडम, सीएनजी म्हटल्यावर थोडं मिसिंग राहणारच," आणि गॅसचा फिल्टर बदलून, ट्यूनिंग करून १,८०० घेतले. दुसऱ्यानं थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ केली, १,२००. तिसऱ्यानं मशीन लावून दोन मिनिटं गंभीर चेहरा केला आणि ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, गेल्याचं जाहीर केलं. २२,००० रुपये. "साहेबांना एक फोन करायला सांगा, मी त्यांना समजावून सांगतो." साहेब म्हणजे माझा नवरा. त्याला बॉनेटचा खटका कुठं आहे ते दरवेळी मलाच दाखवावं लागतं.

तिघांनाही फार दोष देत नाही. गाडी त्यांच्या दारात उभी असताना आजारी नव्हतीच. कराडच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून त्यांना काय दिसणार?

२२,००० ऐकून मी आमच्या पेठेतल्या मामांकडं गेले. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, सगळ्या पेठेचेच मामा. सत्तरी ओलांडलेली, चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम केलेलं. दुकान बंद केलं तरी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अजून काहीबाही चालू असतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "बत्ती नुसती लागली हुती का मिचकावत हुती?"

"मिचकावत होती."

"आणि तू तशीच चालवलीस."

घाटात काय करणार होते मी? पण मामांचं म्हणणं खरं होतं. इंजिनाची बत्ती स्थिर लागली तर सवडीनं गॅरेजला जा, असा अर्थ असतो. उघडझाप करत असेल तर सिलिंडर इतक्या जोरात मिस होतोय, म्हणजे त्यातलं इंधन पेटायचं राहतंय, की न जळलेलं इंधन थेट सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, धूर साफ करणाऱ्या जाळीच्या डब्यात, जातंय. तिथं ते पेटतं, आतली जाळी तापून वितळू शकते आणि मग हजारात सुटणारं काम कित्येक हजारांवर जातं. अशा वेळी पाय हलका करायचा, शक्य असेल तर बाजूला घ्यायची.

७०० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. काड्यापेटीपेक्षा जरा मोठा. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो खोचायचा आणि फोनवर ॲप उघडायचं. आपल्याकडं २०१३ नंतरच्या गाड्यांत हे सॉकेट हमखास मिळतं. ॲपनं दोन कोड दाखवले: पी ०३०० आणि पी ०३०३. पहिल्याचा अर्थ कुठलाही सिलिंडर अधूनमधून मिस होतोय, दुसऱ्याचा अर्थ तिसरा सिलिंडर मिस होतोय. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे सरळ सिलिंडरचा नंबर. प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलच्या वायरीत किंवा सर्किटमध्ये बिघाड असता तर पी ०३५१ पासून पुढचे कोड आले असते. ते नव्हते. म्हणजे ईसीएमच्या मते कॉइलपर्यंतचं सगळं ठीक होतं आणि तरी सिलिंडर पेटत नव्हता.

ईसीएमला हे कळतं कसं, याचं मला फार कौतुक वाटलं. सिलिंडरमध्ये डोकावायला तिच्याकडं काही नसतं. ती फक्त क्रँकशाफ्टचा वेग पाहते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक अर्धा फेरा फिरला की एक सिलिंडर पेटतो, बहुतेक गाड्यांत १-३-४-२ या क्रमानं. प्रत्येक पेटण्याबरोबर क्रँकला एक धक्का बसतो, वेग किंचित वाढतो. ज्याच्या पाळीला तो धक्का येत नाही, तो मिस. पावलांच्या आवाजावरून लंगडणारा पाय ओळखावा, तसं.

कोडपेक्षा कामाची निघाली ती त्याच्याबरोबर साठवलेली नोंद. फ्रीझ फ्रेम म्हणतात तिला. कोड पडला त्या क्षणी गाडीची स्थिती काय होती ते ईसीएम टिपून ठेवते. माझ्या गाडीनं टिपलं होतं: २,१०० आरपीएम, इंजिनावरचा लोड ८७ टक्के, पाण्याचं तापमान ९४ अंश. गाडी गरम, वजन ओढतेय, पण फार पळत नाहीये. घाटच. तिसऱ्या गॅरेजच्या मशीनवरही ही नोंद दिसली असणार. कुणी वाचली नाही, एवढंच.

आता कॉइलविषयी. वडिलांच्या जुन्या फियाटमध्ये डब्यासारखी एकच कॉइल असायची आणि तिची वीज डिस्ट्रिब्युटर चारही प्लगांना आळीपाळीनं वाटायचा. रविवारी सकाळी पॉइंट घासायला पॉलिश पेपर शोधणं हे माझं बालपणीचं काम. हल्लीच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते. तत्त्व मात्र फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलंच, आणि मी फळ्यावर काढते त्या रुमकॉर्फच्या कॉइलहून वेगळं काही नाही. जाड तारेचे शे-दोनशे वेढे, त्यांच्या जोडीला केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, मध्ये लोखंडाचा गाभा. ईसीएम जाड वेढ्यांतून तीनेक मिलिसेकंद बॅटरीचा प्रवाह सोडते आणि फटकन तोडते. चुंबकक्षेत्र कोसळतं, जाड वेढ्यांतच तीन-चारशे व्होल्ट उसळतात आणि बारीक वेढ्यांत त्याच्या शंभर पट. १२ व्होल्टचे वीस-तीस हजार होतात ते असे. २,००० आरपीएमला प्रत्येक कॉइल हे सेकंदाला सोळा-सतरा वेळा करते, वर्षानुवर्षं, उकळत्या पाण्याइतक्या तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर बसून.

पण कॉइल दरवेळी तीस हजार व्होल्ट देत नाही. प्लगच्या फटीत ठिणगी पडायला जेवढे लागतील तेवढेच चढतात. गाडी उभी असताना, आयडलिंगला, थोडक्यात भागतं. घाटात थ्रॉटल उघडलेला, सिलिंडरमध्ये मिश्रण गच्च भरलेलं. दाब जास्त तितकी ठिणगी पडायला अवघड. त्यात सीएनजीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यात प्लग झिजून फट वाढलेली असेल तर आणखी जास्त. कॉइलच्या इन्शुलेशनमध्ये कुठं कच्चा दुवा असेल तर वीज प्लगची अवघड वाट सोडून त्या सोप्या वाटेनं पळते. हे सगळं मला माहीत होतं. घाटात सीएनजीवर ठोके जास्त, पेट्रोलवर कमी, सपाटीला नाहीत. उत्तर समोर लिहून ठेवलेलं होतं.

आणि तरी मी पुढची चूक केली.

रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, मी बॉनेट उघडलं. थंड असणं महत्त्वाचं, कारण इंजिनाचं हेड, ज्यात प्लग बसतात ते, ॲल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना प्लग काढायला गेलं तर आटे निघून येऊ शकतात. बॅटरीची मायनस वायर काढली. कॉइलचे कपलर, म्हणजे वायरींचे प्लास्टिकचे जोड, काढले. दहा नंबरच्या पान्यानं कॉइलचे बोल्ट सोडवले, एकेक कॉइल किंचित पिळून वर ओढली. खालच्या रबरी नळीसकट ती वर येते तेव्हा बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज होतो. तीन नंबरचं कपलर काढताना त्याची प्लास्टिकची कडी तुटली. दहा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलेलं प्लास्टिक, पापडासारखं झालेलं. आधी जरा दाबून मग ओढायचं असतं. मी आधी ओढलं.

मग मल्टिमीटर घेऊन मोजायला बसले. आमच्या कॉइलना दोनच पिना आहेत, त्यामुळं मोजता येतं. आतच ट्रान्झिस्टर असलेल्या तीन-चार पिनांच्या कॉइल अशा मोजता येत नाहीत, ते ध्यानात ठेवायला हवं. मीटरची टोकं एकमेकांना लावून आधी वायरींचाच रोध पाहिला, ०.२ ओहम. तो वजा करून चारही कॉइलच्या जाड वेढ्यांचा रोध ०.७ च्या आसपास भरला. बारीक वेढ्यांचा: ९.४, ९.४, ९.५, ९.६ किलोओहम. तीन नंबरची कॉइल ९.५. शहाणी, सरळ, इतरांसारखीच. मी वहीत लिहिलं, "कॉइल निर्दोष."

कॉइल निर्दोष सुटली म्हटल्यावर संशय प्लगवर. काढण्याआधी प्रत्येक प्लगच्या खड्ड्यात सायकलच्या पंपानं हवा मारली. नाहीतर तिथं साठलेली वाळू प्लग निघाल्याबरोबर सिलिंडरमध्ये पडते. प्लग खरंच झिजलेले होते. फट एक मिलिमीटरच्या आसपास हवी, फट मोजायच्या पात्यांचा फीलर गेज १.३ दाखवत होता. नवे चार आणले. पहिले काही फेरे नुसत्या हातानं, रबरी नळीच्या तुकड्यात प्लग अडकवून. आटे तिरके बसायला लागले तर नळी आपोआप घसरते, पान्याला ते कळत नाही. टॉर्क रेंच, ठरवलेल्या जोरालाच आवळणारा पाना, माझ्याकडं नाही. नवा वॉशरवाला प्लग हातानं टेकेपर्यंत फिरवून पुढं अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आतच थांबायचं. जोर दाखवायची ही जागा नव्हे.

गाडी सुरू केली. सुरेख. चार दिवस कॉलेजला जाऊन आले, एक ठोका नाही. मी आईला फोन करून सांगितलंसुद्धा की गाडी दुरुस्त झाली, आणि केली मीच. पुढच्या शनिवारी चाफळला जायला निघालो, उंब्रजच्या पुलाच्या चढावर ओव्हरटेक करताना ठोका. पुन्हा पी ०३०३.

मामांनी माझी वही पाहिली. ९.५ वर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो मीटर किती व्होल्टवर मोजतो?"

आत नऊ व्होल्टचा सेल. टोकांवर त्याहूनही कमी.

"आणि कॉइल चालती कितीवर?"

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. तार कुठं तुटली असती, वेढे एकमेकांना सरळ चिकटले असते, तर मीटरनं सांगितलं असतं. इन्शुलेशनला पडलेली केसाएवढी चीर पाच-सहा व्होल्टना दिसतच नाही. ती वीस हजारांनाच दिसते, आणि तेही कॉइलमध्ये भरलेलं इपॉक्सी तापून प्रसरण पावल्यावर. मी थंड कॉइलला, टेबलावर ठेवून, हळू आवाजात विचारलं होतं: बाई, तुला काही त्रास आहे का? ती नाही म्हणाली.

मामांनी मग शेल्फवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात मेलेल्या कॉइल होत्या, मास्तर लोक बाटलीत बेडूक ठेवतात तशा. एकीची रबरी नळी फुगून लिबलिबीत झालेली: टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळून प्लगच्या खड्ड्यात ऑइल साठलं होतं, नवी कॉइल घातली असती तरी सहा महिन्यांत तीच गत झाली असती. एकीच्या नळीत आतून पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ. तशीच रेघ प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरही उमटते, वीज आतून जायच्याऐवजी पृष्ठभागावरून खाली उतरते, आणि नुसता प्लग बदलला तर जुन्या नळीतली रेघ नव्या प्लगलाही डाग लावते. एक पूर्ण चांगली, पण तिची वायर उंदरानं कुरतडलेली. पावसाळ्यात उंदीर उबेला बॉनेटखाली येतात, हे कराडात कुणाला सांगायला नको. "ह्यात चार हजाराचं ईसीएमचं काम सांगून बसलं हुतं कोणतरी," मामा म्हणाले, "आणि निघाली दीड रुपयाची चिकटपट्टी."

मी विचारलं, पूर्वीसारखं इंजिन चालू ठेवून एकेक प्लग काढून पाहिलं तर? त्यांनी उजवं कोपर दाखवलं. तिथं काही नव्हतं, पण ते चोळायची त्यांना सवय आहे. जुन्या गाड्यांत ते वायरी ओढून मेलेला सिलिंडर शोधायचे आणि झटका बसला की दिवसभर हात बधिर. आताच्या कॉइलचा झटका त्याहून मोठा आणि वर उघड्यावर सोडलेली कॉइल ईसीएमच्या आतला ट्रान्झिस्टरही घेऊन जाऊ शकते. तो उद्योग नको.

त्यांनी सांगितलेला उपाय फुकटचा होता. तीन नंबरची कॉइल एक नंबरला बसव, एकची तीनला. प्लग जागचे हलवू नकोस. कोड पुसून टाक. आणि जिथं ती रडते तिथं घेऊन जा. कोड एक नंबरवर आला तर कॉइल. तीनवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असेल, पण कॉइल नव्हे.

जिथं रडते तिथं, हे महत्त्वाचं. कुंभार्लीपर्यंत कशाला जायचं म्हणून मी चाफळच्या पुढं दाढोलीवरून सडावाघापूरला चढणारा रस्ता निवडला. आईला चाफळच्या राममंदिरात सोडलं. तिचं दर्शन, माझा प्रयोग. गाडी तोवर बत्तीस-तेहतीस किलोमीटर चालून पुरती तापलेली. सीएनजीवर घेतली, एसी फुल, तिसरा गिअर, आणि स्कॅनर जोडलेला फोन पुढच्या सीटवर. फोनकडं गाडी चालवताना बघायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं. बघावं लागलंच नाही. दुसऱ्या मोठ्या वळणावर ठोका बसला, मग लागोपाठ तीन. बत्ती मिचकावली. जागा पाहून बाजूला थांबले, इंजिन बंद केलं, कोड वाचला.

पी ०३०१.

धुक्यात, पठाराच्या कडेला उभी राहून मी एकटीच हसले. पलीकडं उलटा धबधबा बघायला आलेली पोरं माझ्याकडं बघत होती.

इथं खरं तर काम संपलं होतं. नवी कॉइल आणायची आणि बसवायची. पण मला विजेची ती चोरी होताना पाहायची होती, आणि मामांनाही माझ्याइतकाच उत्साह. संध्याकाळी शेडमध्ये गाडी घेतली. सीएनजी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, किट पेट्रोलवर ठेवलं आणि पेट्रोल इंजेक्टरचे चारही कपलर काढले, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनच जाणार नाही. शेडची दारं सताड उघडी. मामांकडं स्पार्क टेस्टर आहे, दोन टोकांमधलं अंतर स्क्रूनं कमीजास्त करता येणारा. ते दहा मिलिमीटर ठेवलं, एक टोक कॉइलमध्ये, दुसरं अर्थिंगसाठी इंजिनाला जोडलं. कॉइलच्या बोल्टाचं लोखंडी कडंही इंजिनाला टेकवलं. मग दिवा मालवला आणि मी आत बसून स्टार्टर मारला.

आधी चांगली कॉइल. चट्, चट्, चट्, निळसर पांढरी ठिणगी, अंधारात मामांचा चष्मा चमकायचा. मग संशयित कॉइल, थंड. तशीच चट्, चट्. फरक शून्य. मग घरून आणलेला हेअर ड्रायर दहा मिनिटं तिच्यावर धरला, हात लावला तर चटका बसेल इतकी ती तापेपर्यंत. मध्येच मीटर लावून पाहिला: ११.३ किलोओहम. तापल्यावर तांब्याचा रोध वाढणारच, अंशाला साधारण ०.४ टक्के, म्हणजे हिशेबाबरहुकूम. मीटर अजूनही तिचीच बाजू घेत होता.

स्टार्टर मारला. टेस्टरमध्ये एक ठिणगी पडली, मग काहीच नाही. "आता हिकडं बघ," मामांचा आवाज आला. ते म्हणाले तेवढ्यात मी स्टार्टर सोडून बाहेर आले होते, म्हणून ते आत बसले आणि मी पाहिलं. कॉइलच्या मानेपासून, काळ्या प्लास्टिकवरून, बोल्टाच्या कड्याकडं एक निळी बारीक रेघ सरपटत होती. आवाजही वेगळा, चट् नव्हे, चुरचुर. हवेला ओझोनचा तो ओळखीचा तिखट वास. एकोणीस वर्षं मी इन्शुलेशन ब्रेकडाउन या शब्दांखाली दोन ओळी मारून मुलांना "व्याख्या पाठ करा" सांगत आलेय.

नवी कॉइल घ्यायला गेले तर दुकानदारानं दोन ठेवल्या. एक ५५० ची, एक १,६५० ची. दिसायला जुळ्या. स्वस्तातली हातात घेतली तर वजनाला हलकी लागली. तांबं आणि लोखंड वजन लपवू देत नाहीत. महागाची घेतली. मामांचं मत चारही बदलाव्यात असं होतं: एक गेली की बाकीच्यांचं वय तेवढंच. बरोबर आहे, पण ६,६०० रुपये घालायची माझी तयारी नव्हती. तिन्ही जुन्या कॉइल हेअर ड्रायरच्या परीक्षेला बसवून पास झाल्या होत्या. मी दोन घेतल्या, एक बसवायला, एक दहा नंबरच्या पान्यासकट डिकीत ठेवायला. घाटात बंद पडलीच, तर पंधरा मिनिटांचं काम आहे.

बसवण्यात सांगण्यासारखं फार नाही. रबरी नळीच्या आतल्या काठाला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस, बोटाला लागेल एवढंच. कॉइल सरळ खाली दाबली, प्लगवर बसल्याचं हाताला कळलं, बोल्ट हलक्या हातानं आवळला. तीन नंबरच्या कपलरची कडी तुटलेली, म्हणून तिथं झिप टाय. कपलरच्या पिना हिरव्या पडल्यात का ते पाहिलं, इग्निशन चालू करून १२ व्होल्ट येताहेत याची खात्री केली. कोड पुसले.

कन्व्हर्टरची धास्ती होती. स्कॅनरवर कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख अर्धा तास पाहत बसले. पुढचा सेन्सर वरखाली नाचतो, मागचा स्थिर राहायला हवा. तोही नाचायला लागला तर मधली जाळी काम करत नाही असं समजायचं. माझा ०.६-०.७ व्होल्टवर जवळजवळ सपाट होता. वाचले.

पुढच्या आठवड्यात आईला चिपळूणला सोडून आले. येताना पोफळीच्या पुढं मुद्दाम सीएनजीवर, एसी लावून, तिसऱ्या गिअरमध्ये चढवली. वर हेळवाकला थांबून ॲपमध्ये मिसफायरची मोजणी पाहिली: चारही सिलिंडरसमोर शून्य.

मेलेली कॉइल मामांनी डब्यात टाकू दिली नाही. आधी हॅकसॉनं उभी कापली. काळ्या इपॉक्सीत तांब्याच्या तारांचे थर, फणसाच्या गऱ्यासारखे दाटीवाटीनं. बाहेरच्या बाजूला, मानेपाशी, सुईच्या टोकाएवढं भोक आणि त्याभोवती मोहरीएवढा जळका डाग. अर्धा भाग डब्यात गेला, अर्धा मी प्रयोगशाळेत नेऊन ठेवला आहे. कपलर मात्र अजून झिप टायवरच आहे. नुसतं कपलर मिळत नाही म्हणतात, पूर्ण वायरिंग घ्या. बघू, मामा कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचं काढून देणार आहेत.